गोल्फ क्लबच्या उन्हाळी स्पर्धा असतात तरी कशा? पालघर-बोईसरकरांसाठी सोप्या भाषेत

मे महिन्यात पालघर, बोईसर, तारापूर पट्ट्यातल्या एखाद्या गावात संध्याकाळी चक्कर मारली, तर एक चित्र हमखास दिसतं. भातकापणीनंतर मोकळ्या झालेल्या शेतात खेळपट्टी तयार केलेली असते. बांबूला स्पीकर बांधलेला असतो आणि माईकवर कॉमेंट्री करणारा गडी प्रत्येक बॅट्समनला टोपणनावाने ओळखत असतो. टेबलावर चषक मांडलेले असतात. कुणीतरी मोबाइलवरून सामना यूट्यूबला लाइव्ह दाखवत असतो आणि मुंबईला कामाला गेलेली पोरं तो लोकलमध्ये बघत असतात.

त्याच दिवसांत मुंबई-पुण्याच्या गोल्फ क्लबांमध्येही स्पर्धा चालू असतात. तिथे कॉमेंट्री नसते, टाळ्याही हळूच वाजतात आणि खेळ ऊन चढायच्या आत संपतो. नंतर फेसबुक-इन्स्टाग्रामवर फोटो येतात, त्याखाली 'नेट ६८', 'स्टेबलफोर्ड ३९ पॉइंट', 'निअरेस्ट टू पिन' असं काहीबाही लिहिलेलं असतं. तारापूर एमआयडीसीतल्या कंपन्यांमध्ये काम करणाऱ्या अनेकांनी आपल्या साहेबांचा असा फोटो लाइक केलेला असतो. पण त्या आकड्यांचा अर्थ बहुतेकांना माहीत नसतो.

हा खेळ, त्याच्या उन्हाळी स्पर्धा, त्यांच्याभोवतीचे कार्यक्रम आणि त्यांचा पालघरसारख्या जिल्ह्याशी येणारा संबंध, हे सगळं समजून घेऊया.

आधी खेळ काय आहे ते पाहू

गोल्फमध्ये 'क्लब' या शब्दाचे दोन अर्थ होतात. चेंडू मारायची काठी म्हणजे क्लब आणि खेळणाऱ्यांची संस्था म्हणजेही क्लब. खेळाडूला बॅगेत जास्तीत जास्त १४ काठ्या ठेवता येतात. लांब मारायची वेगळी, वाळूतून चेंडू काढायची वेगळी आणि हिरवळीवर हळूच ढकलायची वेगळी.

पूर्ण मैदानावर १८ होल असतात. प्रत्येक होलची सुरुवात 'टी'वरून होते आणि शेवट 'ग्रीन'वर. ग्रीन म्हणजे अगदी बारीक कापलेल्या गवताचा तुकडा, त्यात साधारण १०८ मिलिमीटर व्यासाचा खड्डा असतो. टी आणि ग्रीन यांच्यामध्ये मोकळा पट्टा, झाडं, पाणी आणि वाळूचे खड्डे असे अडथळे असतात.

चांगल्या खेळाडूला त्या होलवर किती फटके लागायला हवेत, तो आकडा म्हणजे 'पार'. तो बहुधा ३, ४ किंवा ५ असतो. १८ होलची बेरीज साधारण ७२ च्या आसपास येते. पारपेक्षा एक फटका कमी लागला तर 'बर्डी', दोन कमी लागले तर 'ईगल' आणि एक जास्त लागला तर 'बोगी'. क्रिकेटमध्ये जास्त धावा करणारा जिंकतो, इथे कमी फटके मारणारा. एवढं लक्षात ठेवलं की अर्धा खेळ समजला.

हॅण्डिकॅप: कच्च्या खेळाडूला मिळणारी सूट

आपल्याकडे गल्लीत लहान पोराला खेळायला घेतात तेव्हा 'कच्चा लिंबू' म्हणून सवलत देतात. गोल्फने हीच सवलत हिशेबात बसवली आहे. तिला म्हणतात हॅण्डिकॅप.

समजा, कंपनीच्या एका मॅनेजरचा हॅण्डिकॅप १८ आहे आणि दुसऱ्या तरबेज खेळाडूचा ४. मॅनेजरला पूर्ण फेरीत ९२ फटके लागले, तरबेज खेळाडूला ८०. हॅण्डिकॅप वजा केला की मॅनेजरचा 'नेट' स्कोअर ७४ होतो आणि तरबेज खेळाडूचा ७६. म्हणजे फटके १२ जास्त लागूनही चषक मॅनेजरच्या हातात.

हा आकडा कुणी मनाने ठरवत नाही. २०२० पासून जगभर एकच हॅण्डिकॅप पद्धत लागू झाली. खेळाडूच्या शेवटच्या २० फेऱ्यांपैकी सर्वांत चांगल्या ८ फेऱ्यांवरून त्याचा हॅण्डिकॅप काढला जातो आणि तो जास्तीत जास्त ५४ असू शकतो. मैदान किती अवघड आहे, हेही त्यात धरलं जातं. त्यामुळे साठी ओलांडलेले आजोबा, नुकतीच शिकायला लागलेली मुलगी आणि मुरलेला खेळाडू एकाच स्पर्धेत उतरू शकतात. क्लबच्या स्पर्धा घरगुती वाटतात त्या यामुळे.

एक गोष्ट मात्र आहे. गोल्फमध्ये प्रत्येक फटक्यामागे अंपायर नसतो. स्कोअर लिहायचं काम सोबतचा खेळाडू करतो आणि दोघं सही करतात. मुद्दाम वाईट खेळून हॅण्डिकॅप वाढवून घेणारा आणि मग स्पर्धा जिंकणारा माणूस क्लबमध्ये लगेच बदनाम होतो. इंग्रजीत अशा माणसाला 'सॅण्डबॅगर' म्हणतात.

उन्हाळ्यात स्पर्धेचं स्वरूप का बदलतं?

भारतात मोठ्या गोल्फ स्पर्धांसाठी थंडीचे महिने सोयीचे. एप्रिल-मेमध्ये किनाऱ्यावरच्या दमट हवेत चार-साडेचार तास चालणं सोपं नाही. म्हणून उन्हाळी स्पर्धांचं गणित वेळ वाचवण्यावर चालतं. त्यासाठी तीन गोष्टी केल्या जातात.

पहिली, शॉटगन स्टार्ट. नाव बंदुकीचं असलं तरी हल्ली बहुतेक ठिकाणी भोंगा वाजवतात. चार-चार जणांचे १८ गट, म्हणजे ७२ खेळाडू, १८ वेगवेगळ्या होलवर उभे राहतात आणि एकाच वेळी सुरुवात करतात. सगळे पहिल्या होलवरून निघाले आणि दोन गटांत १० मिनिटांचं अंतर ठेवलं, तर शेवटचा गट २ तास ५० मिनिटं उशिरा सुटेल. सकाळी सहाला स्पर्धा सुरू झाली तरी त्या गटाला घरी जायला दुपारचा एक वाजून जाईल. शॉटगन पद्धतीत सगळेच साडेदहाच्या सुमारास मोकळे होतात आणि बक्षीस समारंभही लगेच उरकता येतो.

दुसरी, स्टेबलफोर्ड. इंग्लंडमधल्या वॉलसी क्लबचे डॉ. फ्रँक स्टेबलफोर्ड यांनी ही गुणपद्धत रुळवली. तिथे १९३२ मध्ये तिची पहिली स्पर्धा झाली. यात हॅण्डिकॅपची सूट धरून त्या होलवर पार झाला तर २ गुण, बोगीला १, बर्डीला ३ आणि ईगलला ४. त्याहून वाईट खेळ झाला तर शून्य. एका होलवर गुण मिळण्याची शक्यता संपली की चेंडू उचलायचा आणि पुढे निघायचं. वाळूत अडकलेल्या खेळाडूला दहा-दहा फटके मारत बसावं लागत नाही आणि मागच्या गटालाही उन्हात ताटकळावं लागत नाही. एकूण ३६ गुण मिळाले तर खेळाडू आपल्या हॅण्डिकॅपप्रमाणे खेळला, असं समजतात. म्हणजे फोटोखाली '३९ पॉइंट' दिसले तर साहेब त्या दिवशी खरंच चांगले खेळले होते, लाइक वाया गेला नाही.

तिसरी, छोटे आणि सांघिक प्रकार. संध्याकाळी फक्त ९ होलची स्पर्धा ठेवतात. 'स्क्रॅम्बल'मध्ये चौघं फटका मारतात, त्यातला सर्वांत चांगला निवडतात आणि पुढचा फटका चौघंही तिथूनच मारतात. नवशिक्यावर दडपण येत नाही, म्हणून कंपन्यांच्या 'गोल्फ डे'ला हा प्रकार आवडता. 'फोरसम'मध्ये जोडीदार एकाच चेंडूवर आळीपाळीने फटके मारतात. नवरा-बायकोच्या जोड्यांसाठी हा प्रकार ठेवला की घरी जाताना गाडीत शांतता असते, असा गोल्फमधला जुना विनोद आहे.

बक्षिसं आणि गोतावळा

गावच्या स्पर्धेत जसे मालिकावीर, उत्कृष्ट फलंदाज, उत्कृष्ट गोलंदाज असतात, तशी गोल्फमध्येही छोटी-छोटी बक्षिसं असतात. सर्वांत लांब फटका मारणाऱ्याला 'लाँगेस्ट ड्राइव्ह', झेंड्याच्या सर्वांत जवळ चेंडू टाकणाऱ्याला 'निअरेस्ट टू पिन'.

'होल इन वन' म्हणजे पहिल्याच फटक्यात चेंडू थेट खड्ड्यात. हे साधलं तर रिवाज उलटा आहे. पराक्रम करणाऱ्यानेच सगळ्यांना पार्टी द्यायची. जपानमध्ये हा खर्च इतका अंगावर येतो की लोक त्यासाठी विमा काढतात.

खेळानंतरच्या गप्पांच्या जागेला गमतीने 'एकोणिसावा होल' म्हणतात. क्लबची खरी ओढ तिथेच असते. कॅप्टन्स कप, प्रेसिडेंट्स कप, दर महिन्याचं मेडल, महिला विभागाची स्पर्धा, शाळांना सुट्टी असल्याने मुलांसाठी प्रशिक्षण शिबिर, सहकुटुंब जेवण, असा उन्हाळ्याचा कार्यक्रम असतो. मुलांच्या हातात पहिल्यांदा काठी येते ती बहुधा अशाच सुट्टीत. पुण्याचा उदयन माने २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये भारताकडून गोल्फ खेळला. त्याच ऑलिम्पिकमध्ये अदिती अशोकचं पदक थोडक्यात हुकलं, ती चौथी आली. त्या पहाटे गोल्फचा 'ग' माहीत नसलेले लाखो भारतीय टीव्हीसमोर बसले होते.

महाराष्ट्रात गोल्फ आला कसा?

भारतात गोल्फ इंग्रजांसोबत आला. १८२९ मध्ये स्थापन झालेला कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब हा ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना क्लब मानला जातो. मुंबईत चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ चा. त्याआधी १९१८ मध्ये विलिंग्डन स्पोर्ट्स क्लब सुरू झाला. गोऱ्यांच्या क्लबमध्ये आपल्या भारतीय पाहुण्यांना प्रवेश नाकारला गेला, म्हणून गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी भारतीयांनाही सदस्यत्व देणारा क्लब काढला, अशी त्याच्या जन्माची कथा सांगितली जाते. पुण्यात येरवडा परिसरात पूना क्लबचं गोल्फ कोर्स आहे.

या सगळ्यात नाशिकची गोष्ट वेगळी आहे. तिथे शहराच्या मध्यात 'गोल्फ क्लब मैदान' आहे. आज त्यावर गोल्फ खेळत नाहीत. लोक सकाळी चालायला येतात, पोरं क्रिकेट खेळतात आणि महाराष्ट्राचे रणजी सामनेही तिथे झाले आहेत. या मैदानाचं अधिकृत नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकमध्ये कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणारे ते अनंत कान्हेरे. साहेबांच्या खेळाच्या नावाने ओळखली जाणारी जागा आता एका क्रांतिकारकाच्या नावाने सगळ्या गावाची झाली. रिक्षावाले मात्र अजूनही 'गोल्फ क्लब'च म्हणतात.

बॅग वाहणाऱ्यांचं काय?

गोल्फच्या फोटोत खेळाडूच्या मागे एक माणूस उभा दिसतो. खांद्यावर बॅग, हातात टॉवेल. तो कॅडी. कोणत्या अंतराला कोणती काठी घ्यावी, ग्रीनचा उतार कुठे आहे, चेंडू कुठल्या झुडपात गेला, हे सगळं त्याला पाठ असतं. अनेकदा खेळाडूपेक्षा खेळ त्यालाच जास्त कळतो.

पण क्लबच्या खेळात कॅडीची कमाई बहुतेक वेळा फेरीवर ठरते. फेरी झाली तर पैसे, नाही झाली तर नाही. मेच्या उन्हात खेळणारे कमी होतात, जुलैच्या पावसात मैदान बंद राहतं. म्हणजे सदस्यासाठी जो 'ऑफ सीझन', तो कॅडीसाठी हातघाईचा काळ. उन्हाळी स्पर्धा त्याच्यासाठी म्हणूनच महत्त्वाची, कारण एका सकाळी ७२ खेळाडू उतरले तर तेवढ्याच जणांना काम मिळू शकतं.

चेंबूरच्या गोल्फ कोर्सजवळच्या वस्तीत राहणाऱ्या कॅडींनी तर स्वतःचा खेळच काढला. लोखंडी सळई वाकवून काठी करायची, प्लास्टिकचा चेंडू घ्यायचा आणि गल्लीबोळांत होल ठरवायचे. त्याला 'गल्ली गोल्फ' म्हणतात. २०२३ मध्ये आलेल्या 'स्लम गोल्फ' या वेबसीरिजचा विषयही वस्तीतला गोल्फ हाच होता.

काही क्लब वर्षातून एकदा कॅडींची स्पर्धा घेतात. ही स्पर्धा नुसती औपचारिकता नाही, हे इतिहास सांगतो. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय अली शेर हा दिल्ली गोल्फ क्लबमध्ये कॅडी होता. २०१६ आणि २०१७ अशी सलग दोन वर्षं तीच स्पर्धा जिंकणाऱ्या एसएसपी चौरसियाचे वडील रॉयल कलकत्ता क्लबमध्ये मैदानाची निगा राखायचे. मैदान आत कुणाला येऊ देतं, यावर पुढे कोण खेळाडू होणार हे ठरतं.

खरा प्रश्न पाण्याचा

पालघरमध्ये गोल्फचा विषय निघाला की पाण्याचा विषय टाळता येत नाही. सेकंड होमच्या जाहिरातींत हिरवळीचे फोटो असतात. ती हिरवळ मेमध्ये हिरवी कशी राहते, हे त्यात लिहिलेलं नसतं.

साधा हिशेब करा. एक हेक्टर जमिनीवर १ मिलिमीटर पाणी द्यायचं तर १० हजार लिटर लागतं. मैदानातल्या २० हेक्टर गवताला उन्हाळ्यात एका दिवशी ५ मिलिमीटर पाणी दिलं, तर १० लाख लिटर झालं. जलजीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटरचं प्रमाण ठरवलं आहे. त्या हिशेबाने एवढ्या पाण्यात १८ हजारांहून जास्त लोकांची एका दिवसाची गरज भागते.

पालघर हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झालेला जिल्हा. पावसाळ्यात इथे धो धो पाऊस पडतो आणि मेमध्ये जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर टँकर फिरतात. सूर्या प्रकल्पातून वसई-विरार आणि मीरा-भाईंदरसाठी रोज ४०३ दशलक्ष लिटरची पाणीयोजना आखली गेली. हे पाणी आधी शेताला की शहराला, हा वाद जिल्ह्यात जुना आहे. त्यात आणखी एक तहानलेलं मैदान वाढलं तर प्रश्न विचारले जाणारच.

यावर उपाय नाहीत असं नाही. सांडपाणी शुद्ध करून तेच गवताला देता येतं. सगळ्या मैदानाऐवजी फक्त टी आणि ग्रीनला पाणी देऊन बाकीचं गवत उन्हाळ्यात पिवळं पडू देता येतं. भारतात अनेक कोरड्या भागांतल्या मैदानांवर तर ग्रीनच नसतात. तिथे तेल मिसळलेल्या वाळूचे सपाट गोल केलेले असतात, त्यांना 'ब्राऊन' म्हणतात. खेळ तोच, पाणी नगण्य. हिरवागार गालिचा हा फोटोचा हट्ट आहे, नियमाचा नाही.

जमिनीचाही प्रश्न आहे. १८ होलचं मैदान म्हणजे साधारण ५० हेक्टर, सव्वाशे एकर. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित आहे, तिथे जमिनीचा वापर बदलणं सोपं नाही. आदिवासींची जमीन बिगरआदिवासींना हस्तांतरित करण्यावरही महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कडक निर्बंध आहेत.

बोईसरच्या माणसाला गोल्फ बघायचा असेल तर?

जुन्या क्लबांत सदस्य किंवा सदस्याचा पाहुणा म्हणूनच जाता येतं. सदस्यत्वाची फी मोठी आणि प्रतीक्षायादी त्याहून मोठी. पण सगळी दारं बंद नाहीत. सिडकोने नवी मुंबईत उभारलेल्या खारघर व्हॅली गोल्फ कोर्सवर सदस्य नसलेल्यांनाही पैसे भरून खेळता येतं. डहाणू-पनवेल मेमूने पनवेल गाठलं की पुढे खारघर लोकलने जवळ आहे. आधी फोन करून वेळ आणि दर विचारून घ्यावेत.

पहिल्यांदा जाताना कॉलरचा टी-शर्ट घालावा, मोबाइल सायलेंट ठेवावा, कुणी फटका मारत असताना बोलू नये आणि 'फोर!' अशी आरोळी आली तर डोकं झाकावं. त्याचा अर्थ चेंडू तुमच्या दिशेने येतोय. ४६ ग्रॅमपेक्षाही हलका असला तरी तो टेनिस बॉल नाही.

शेवटी काय लक्षात ठेवायचं?

उन्हाळी स्पर्धा गोल्फ क्लबची असो की गावच्या मंडळाची, तिचं काम एकच असतं. वर्षभर आपापल्या शिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांना दोन दिवस एका मैदानावर आणायचं. फरक एवढाच, की शेतातल्या मैदानाला फाटक नसतं, पाणी लागत नाही आणि पहिला पाऊस पडला की तिथे पुन्हा भात लावला जातो.

उद्या जिल्ह्यात कुठे 'गोल्फ व्ह्यू'ची पाटी लागली, तर फोटो शेअर करण्याआधी चार प्रश्न विचारायला हवेत. पाणी कुठून येणार? जमीन कुणाची होती? बॅग वाहणाऱ्या स्थानिक पोरांना पावसाळ्यातही पगार मिळणार का? आणि सुट्टीच्या दिवशी त्यांना तिथे खेळता येणार का?